रंकाळ्याकाठचे ८०० मीटर: एका चुकलेल्या खुणेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पहाटे साडेपाचला कोल्हापुरात रंकाळ्यावर गेलात तर दोन तऱ्हेची माणसं भेटतात. पहिली चालणारी. त्यांचं माप म्हणजे 'चक्कर'. आज एक झाली, उद्या दोन करू. तळ्याची पूर्ण चक्कर किती किलोमीटरची, यावर मात्र एकमत नाही. कुणी चार सांगतं, कुणी साडेचार, आणि प्रत्येकाकडे आपल्या आकड्याचा पुरावा असतो. दुसरी तऱ्हा पळणाऱ्या पोरांची. त्यांचं माप सेकंदात असतं, कारण त्यांना पोलीस भरतीला उतरायचं असतं.

हे प्रकरण या दुसऱ्या तऱ्हेच्या मुलामुलींचं आहे. ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत. तळ्याकाठच्या ज्या पट्ट्यावर हे घडलं त्याची नेमकी जागाही सांगत नाही.

राज्य पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धाव, तिला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. धावेचे गुण वेळेच्या टप्प्यांवर मिळतात, आणि टप्प्याच्या कडेवर असलेल्या मुलाचा दोन-तीन सेकंदांत एक टप्पा जातो. पुढे गुणवत्ता यादीत अर्ध्या-एका गुणावर किती जण अडकतात, हे भरतीच्या वाटेवरच्या कुठल्याही घराला विचारा.

आमच्या पट्ट्यावर फरसबंदीवर पांढऱ्या रंगात तीन खुणा होत्या: ०, ४०० आणि ८००. मुलं शून्यापासून ८०० पर्यंत जाऊन परत यायची, झाले १६००. मुली एकाच दिशेने ८००. आणखी एक खूण १०० ची होती, तिच्याविषयी शेवटी लिहिते. या खुणा काही वर्षांपूर्वी हौशी धावपटूंच्या एका गटाने स्वतःच्या खर्चाने रंगवल्या होत्या. त्यांचे उपकारच आहेत, कारण त्याआधी पोरं 'या बाकापासून त्या झाडापर्यंत' पळायची. खुणा कशा काढल्या, हे त्यांच्यातल्याच एकाने मला मोकळेपणाने सांगितलं. फोनवर ॲप लावून शून्यापासून चालत जायचं आणि पडद्यावर ०.४० आलं की खूण करायची. पुढे फरसबंदीची दुरुस्ती झाली, रंग गेला, आणि जुन्या जागा आठवून खुणा पुन्हा रंगवल्या गेल्या.

माझा संबंध असा की मी पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हेइंग शिकवते आणि सकाळी तिथे चालायला जाते. मुलांना शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. फी घेत नाहीत. शिट्टी, एक स्टॉपवॉच आणि एक वही एवढाच त्यांचा संसार.

अडचण

नोव्हेंबरमध्ये मामांनी सहा जणांना, म्हणजे तीन मुलं आणि तीन मुलींना, खऱ्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर नेलं. भरतीआधी ट्रॅकची सवय व्हावी एवढाच हेतू होता. त्यांच्यातला सगळ्यांत वेगवान मुलगा रंकाळ्यावर १६०० मीटर ५ मिनिटं १२ सेकंदांत पळायचा. ट्रॅकवर त्याला ५ मिनिटं २१ सेकंद लागले. बाकीच्या दोघांच्या वेळा ८ आणि ११ सेकंदांनी वाढल्या. मुलींच्या ८०० मीटरला ४ ते ६ सेकंद जास्त लागले.

परत आल्यावर त्या मुलाने चार दिवस तोंड दाखवलं नाही. वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात, आणि हा शहरात खोली घेऊन राहतो ती केवळ भरतीसाठी. पाचव्या दिवशी तो आला आणि बाकावर बसून राहिला. मामांनी त्याला माझ्यासमोरच विचारलं, "काय झालं रं?" तो म्हणाला, "मामा, माज्यात दमच न्हाई. हितं पळतोय ते बी खोटंच वाटाय लागलंय."

मला त्याचं ते वाक्य लागलं, कारण त्यातला दुसरा भाग बरोबर असण्याची शक्यता होती.

मामांना तोवर अशी शंका आली नव्हती. त्यांच्या मते कारणं साधी होती: नवी जागा, मनावर दडपण, ट्रॅकच्या वळणांची सवय नाही, आदल्या रात्रीची झोप. चारही कारणं खरी असू शकतात. पण वहीतल्या वेळा पाहताना मला एक गोष्ट खटकली. दडपण सगळ्यांना सारखं येत नाही. एखादा कोसळतो, एखादा उलट चांगला पळतो. इथे सहाही जण मागे पडले होते, आणि सगळे जवळपास त्याच प्रमाणात. प्रत्येकाच्या ट्रॅकवरच्या वेळेला रंकाळ्यावरच्या वेळेने भागलं तर सगळी उत्तरं दोन ते साडेतीन टक्के वाढीच्या आत येत होती. मुलांची धाव मुलींच्या दुप्पट, त्यांची सेकंदांतली वाढही साधारण दुप्पट. माणसं थकली तर आकडे असे रांगेत उभे राहत नाहीत. माप आखूड असेल तर राहतात.

मी मामांना म्हटलं, "मामा, पोरं नाही कमी पडली, आपली वाट कमी पडतेय."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, चार वर्षं मी पोरास्नी ह्याच खुणांवर पळवतोय."

घड्याळांचं मतदान

पहिली सूचना मुलांचीच होती आणि ती स्वाभाविक होती. ओळखीच्यांची जीपीएस घड्याळं आणि फोन गोळा करा, सगळ्यांनी शून्य ते ८०० पळा आणि सरासरी काढा. आम्ही ते केलं. सात उपकरणांनी ०.७७ पासून ०.८२ पर्यंत आकडे दाखवले, बहुतेक ०.७९ आणि ०.८०. लगेच निकाल लागला: खूण बरोबर आहे, फार तर पाच-दहा मीटरचा फरक.

प्रकरणातलं हे सगळ्यांत फसवं वळण होतं, म्हणून इथे थोडं थांबते.

जीपीएस आपली जागा ठरावीक वेळाने, बहुधा दर सेकंदाला, ठरवतं, आणि प्रत्येक जागेत काही मीटरांची चूक असू शकते. सरळ चालणाऱ्या माणसाची वाट त्यामुळे नकाशावर थरथरत्या हाताने काढलेल्या रेषेसारखी उमटते. थरथरती रेषा सरळ रेषेपेक्षा लांबच भरते, आखूड कधी नाही. डोक्यावर झाडं असतील किंवा बाजूला इमारती असतील तर थरथर वाढते. माणूस हळू चालत असेल तर तेवढ्याच अंतरात जास्त बिंदू पडतात आणि रेषा आणखी नागमोडी होते. याच्या उलटही घडतं. काही घड्याळं बॅटरी वाचवायला बिंदू कमी घेतात आणि वळणं कापतात, मग अंतर कमी दिसतं. नवी घड्याळं बरीच सावरून घेतात, तरी पडद्यावरचा दुसरा दशांश म्हणजे दहा मीटर. ०.८० दिसतंय याचा अर्थ ७९५ ते ८०५ मधलं काहीही असू शकतं.

सरासरीने चुका जातात, पण त्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरल्या असतील तरच. एकाच बाजूला झुकलेल्या चुकांची सरासरी काढली की झुकलेलंच उत्तर मिळतं, आणि सातांनी सांगितलं म्हणून ते जास्त खरं वाटू लागतं. त्यात मूळ खूण फोननेच काढलेली. तीच जातकुळी पुन्हा साक्षीला बोलावली, तर ती पहिल्या साक्षीदाराला दुजोरा देणारच.

समोरचे पर्याय

मोटरसायकलच्या मीटरचा पर्याय लगेच सोडला. तो शंभर मीटरच्या पटीत बोलतो.

ठेकेदारांकडे असतं ते काठीचं मोजणीचं चाक एका विद्यार्थ्याने आणूनही दिलं. गुळगुळीत डांबरावर ते बरं चालतं. आमच्या फरसबंदीवर मात्र ते प्रत्येक सांध्याला उडायचं. कधी जास्त फिरायचं, कधी हवेत राहून कमी, आणि धरणाऱ्याचा हात डोलला की वाट नागमोडी. तेच अंतर दोनदा मोजलं तर चार मीटरचा फरक आला.

उपग्रह नकाशावर रेषा ओढून मोजणं हा पर्याय वाईट नाही. ढोबळ तपासणीला मी तो वापरलाच आणि उत्तर ७७५ ते ७८५ च्या दरम्यान आलं. घड्याळांच्या मतदानाविरुद्धचा हा पहिला बाहेरचा साक्षीदार. पण काठावरच्या झाडांखाली पदपथाची कड दिसत नाही, तिथे रेषा अंदाजाने ओढावी लागते. मुलांच्या चार वर्षांच्या वेळा खोट्या ठरवायच्या तर अंदाजावर भागणार नव्हतं.

टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन अचूक मोजणारं सर्व्हेचं यंत्र, कॉलेजात आहे. खरं तर काम त्याचंच. पण ते बाहेर न्यायचं तर परवानगी, तिपाई, प्रिझम धरायला माणसं, आणि सकाळच्या गर्दीत दृष्टिरेषा मोकळी मिळणं, हे सगळं जुळायला हवं. परीक्षांमुळे ते जानेवारीआधी मिळणार नव्हतं.

राहिले दोन: पोलादी टेप आणि सायकल.

जगभरच्या अधिकृत रस्ता शर्यती आजही सायकलने मोजल्या जातात, हे सांगितलं तर पुष्कळांना पटत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत ॲलन जोन्स या अभियंत्याने आपला मुलगा क्लेन याच्या साथीने पुढच्या चाकाच्या आसाला बसणारा एक छोटा गणक तयार केला. चाकाच्या एका फेरीत तो वीसेक आकडे पुढे सरकतो, म्हणजे दर आकडा साधारण दहा सेंटिमीटरचा. युक्ती त्या गणकात कमी आणि पद्धतीत जास्त आहे. चाकाचा घेर किती, हे गृहीत धरायचंच नाही. पोलादी टेपने मोजलेल्या निदान तीनशे मीटरच्या सरळ पट्ट्यावर आधी चार वेळा सायकल चालवायची आणि त्या पट्ट्यावर किती आकडे पडतात ते पाहायचं. मग वाट मोजायची. मग परत येऊन पुन्हा चार वेळा त्याच पट्ट्यावर चालवायची. तोच माणूस, तीच सायकल, तीच हवा. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर असे मोजले जातात, आणि वर हजारी एक मीटर मुद्दाम वाढवला जातो, जेणेकरून शर्यत चुकूनही आखूड भरू नये. मोजणीची काळजी घेतली नाही तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं. तिथली २०१३, २०१४ आणि २०१५ ची मॅरेथॉन ३८० मीटर कमी भरल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं, आणि सुमारे चोवीस हजार धावपटूंच्या वेळा एका दिवसात अर्थ गमावून बसल्या.

नुसत्या टेपने ८०० मीटर मोजणंही शक्य होतं, तीस मीटरच्या टेपच्या सत्तावीस लांब्या. पण आमची वाट वळते, आणि वळणावर टेप जीवा मोजते, कंस नाही. दोनशे मीटर त्रिज्येच्या वळणावर तीस मीटरमागे जेमतेम तीन सेंटिमीटर कमी पडतात, ते चालण्यासारखं. मात्र सत्तावीस वेळा खूण करायची आणि दर वेळी चालणाऱ्यांची रांग थांबवायची, हे होणारं नव्हतं.

ठरलं असं: सरळ पट्टा टेपने, वाट सायकलने.

काय केलं

जोन्स गणक कोल्हापुरात मिळण्याचा प्रश्न नव्हता. पण तो नसतानाही माणसं चाकाच्या फेऱ्या मोजायचीच. मामांची २८ इंची काळी सायकल घेतली. पुढच्या चाकाला ३२ स्पोक. व्हॉल्वजवळच्या स्पोकला शून्य धरून प्रत्येकावर आकडा लिहिलेली चिकटपट्टी लावली. चिमट्याजवळ जाड पुठ्ठ्याची जीभ बांधली, दर फेरीला 'टक्' वाजेल अशी. फेऱ्या मोजायला एका विद्यार्थिनीने आजीचा नामजपाचा बोटात घालायचा काउंटर आणला. सायकलवर एक जण बोटाने काउंटर दाबणार आणि बाजूने हळू पळणारा दुसरा तोंडाने मोजणार. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर ती खेप बाद, कारण एक टक् चुकला तर सव्वादोन मीटर गेले. शेवटी ब्रेक दाबून कोणता स्पोक खाली आलाय ते वाचायचं. एका स्पोकची किंमत सात सेंटिमीटर.

जवळच्या एका सरळ, मोकळ्या रस्त्यावर टेपचे दहा पल्ले टाकून ३०० मीटर आखले, एकदा जाताना आणि एकदा येताना. पोलाद उन्हात वाढतं, म्हणून तापमान लिहून ठेवलं. टेप २० अंशांसाठी खरी असते आणि त्या पहाटे १७ अंश होते. तीनशे मीटरमागे दुरुस्ती आली एका सेंटिमीटरची. भर दुपारी ३५ अंशांत मोजलं असतं तर पाच सेंटिमीटर झाली असती. फार नाही, पण लिहायला काय जातं?

पहिला दिवस वाया गेला. सकाळी ३०० मीटरला १३६ फेऱ्या आणि १२-१३ स्पोक येत होते. वाट मोजून परत आलो तर १३७ फेऱ्या आणि १६ स्पोक. चाक अचानक लहान झालं होतं. ट्यूबला बारीक छिद्र होतं आणि हवा हळूहळू जात होती. म्हणजे वाट मोजत असताना कोणत्या क्षणी चाकाचा घेर किती होता, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, दोन्हींची सरासरी घेऊ की." थंडीत पहाटे चारपासून उठलेली मुलं होती, मलाही मोह झाला. पण फरक पाऊण टक्क्याहून मोठा होता, आणि आम्ही शोधत होतो ती चूकच तीन टक्क्यांच्या आतली. सगळे कागद बाजूला ठेवले आणि पंक्चर काढायला गेलो. त्या दिवशीच्या निर्णयाबद्दल मला आजही समाधान वाटतं. नंतरच्या वेळी सायकल फिरवली नसती तर ते छिद्र कळलंच नसतं.

दुसऱ्या रविवारी सगळं नीट जमलं. आधीच्या चार खेपांत ३०० मीटरला सरासरी १३६ फेऱ्या आणि १२ स्पोक आले. नंतरच्या चारमध्ये १३६ फेऱ्या आणि साडेआठ स्पोक, कारण ऊन चढल्यावर चाकातली हवा फुगते आणि घेर किंचित वाढतो. फरक हजारी एकाच्याही आत. दोन्हींची सरासरी काढून एका फेरीला २.२००७ मीटर धरले.

शून्य ते जुनी ८०० ची खूण: ३५३ फेऱ्या, १७ स्पोक. पुन्हा केलं तर १९ स्पोक.

म्हणजे ७७८ मीटर.

४०० ची खूण ३९१ वर निघाली. पहिल्या टप्प्यात नऊ मीटर गेले होते आणि दुसऱ्यात तेरा. १६०० समजून मुलं १५५६ मीटर पळत होती. ५ मिनिटं १२ सेकंदांच्या वेगाने उरलेले ४४ मीटर पळायला पावणेनऊ सेकंद लागतात. त्या मुलाचे ट्रॅकवर नऊ वाढले होते.

कोणती रेषा मोजायची

मोजण्याआधी अर्धा तास यावरच वाद झाला. पदपथ रुंद आहे. मुलं मधून पळतात, कधी कडेने, कधी चालणाऱ्यांना चुकवत. मामांचं म्हणणं, पोरं पळतात ती वाट मोजा. शर्यतीचा नियम वेगळा आहे: धावपटूला जाता येईल अशी सगळ्यांत जवळची वाट मोजायची, आणि वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून. ट्रॅकची पहिली लेनही कठड्यापासून ३० सेंटिमीटरवरच ४०० मीटर भरते. त्यामागचं तर्कशास्त्र मला पटतं. सगळ्यांत जवळची वाट खरी असेल तर कुणालाही कमी पळून जास्तीचा हिशेब मिळत नाही.

तळ्याच्या बाबतीत हे गणित फार सुंदर आहे. पूर्ण चक्कर मारताना तुम्ही पाण्याच्या कडेऐवजी तीन मीटर बाहेरून चाललात तर चक्कर सुमारे एकोणीस मीटरने वाढते. तळं लहान असो की रंकाळ्याएवढं, तेवढीच वाढते, कारण एका पूर्ण वळशात फरक पडतो तो फक्त बाहेर सरकलेल्या अंतराच्या २π पट. ट्रॅकवर लेन १.२२ मीटर रुंद, म्हणून बाहेरच्या प्रत्येक लेनला फेरीमागे सात ते पावणेआठ मीटर वाढतात आणि सुरुवातीच्या रेषा पायरीपायरीने पुढे सरकतात, त्यामागे हेच कारण. आमचा पट्टा मात्र एकूण साठेक अंशांतच वळतो, त्यामुळे तीन मीटर बाहेरून पळणाऱ्याचेही तीनच मीटर वाढतात. हा हिशेब दगडावर खडूने काढून दाखवला तेव्हा मामा म्हणाले, "मग कडेनंच मोजा."

परतीच्या वळणाचाही निर्णय घ्यावा लागला. मुलं रेषेवर पाय टेकवून वळतील की शंकूला वळसा घालतील? ३० सेंटिमीटर त्रिज्येचा वळसा जवळपास एक मीटर वाढवतो. शेवटी रेषेवर पाय टेकवायचा ठरलं, कारण ते बघायला सोपं.

हजारी एक वाढवायचा का, यावर मामा आणि मी एका मताचे होतो. नवी ८०० ची खूण ८००.८ वर गेली. पोराची वेळ खऱ्यापेक्षा चांगली दिसण्यापेक्षा पाव सेकंद वाईट दिसलेली बरी.

खूण कशी टिकवायची, हेही लिहायला हवं, कारण मूळ चुकीतला एक वाटा आठवणीने रंगवण्याचा होता. परवानगी येईपर्यंत आम्ही खडूने भागवलं. ती मिळाल्यावर फरशीच्या सांध्यात वॉशरसकट खिळा ठोकला आणि प्रत्येक खिळ्याचं जवळच्या तीन पक्क्या वस्तूंपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत आकृती काढली. फरशी उखडली तरी त्या तीन अंतरांवरून खिळ्याची जागा बोटभर फरकाने परत सापडते. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो म्हणे रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो, आणि ज्या दिवशी पाण्याला पोहोचेल त्या दिवशी प्रलय. एका मुलीने खिळ्याकडे बघत विचारलं, "ह्यो सरकणार न्हाई न्हवं?"

मुलांना कसं सांगितलं

मामांना सगळ्यांत अवघड गेलं ते हे. भरतीला दोन महिने उरले होते. चार वर्षांच्या वेळा खोट्या होत्या असं सांगितलं तर मुलांचा धीर सुटेल, म्हणून नव्या खुणेवर गुपचूप पळवायचं आणि वेळा वाढल्या तर 'थंडीमुळे' म्हणायचं, असं त्यांच्या मनात होतं. मी विरोध केला. एका मुलाने आधीच स्वतःला दोष दिला होता, आणि गुपचूप खूण हलवली असती तर वीस जणांनी तेच केलं असतं.

मामांनी एक रात्र मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना गोल बसवून त्यांनी स्वतः सांगितलं की माप चुकलं होतं आणि ते तपासायचं काम त्यांचं होतं. मी प्रत्येकाच्या जुन्या वेळेला १.०२८ ने गुणून नवा तक्ता केला होता, तो वाटला. एक मुलगी रडली. तिला वाटत होतं ती वरच्या टप्प्यात आहे, तक्त्यात ती त्याच्या खाली आली. दोन मुलं दुसरीकडे निघून गेली. बाकावर बसलेला तो मुलगा तक्ता कितीतरी वेळ बघत होता. मग म्हणाला, "म्हंजे ट्रॅकवर मी वाईट पळालो न्हवतो?"

"नाही," मामा म्हणाले. "तू जेवढा पळायचास तेवढाच पळलास."

निष्पत्ती

जानेवारीत पुन्हा ट्रॅकवर नेलं. रंकाळ्यावरच्या आणि ट्रॅकवरच्या वेळांत या वेळी दोन सेकंदांहून जास्त फरक कुणाचाच नव्हता, आणि तो दोन्ही बाजूंना होता. काहींना ट्रॅकवर कमी वेळ लागला, काहींना जास्त. अशा विखुरलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

त्याच महिन्यात टोटल स्टेशनही मिळालं. त्याने शून्य ते नव्या खुणेचं अंतर आमच्या आकड्यापेक्षा १४ सेंटिमीटर जास्त दाखवलं. पावसाळ्यात ४०० चा खिळा कुणीतरी उपटला. तीन अंतरांच्या आकृतीवरून दोन विद्यार्थ्यांनी तो अर्ध्या तासात जागेवर बसवला, मला बोलवावंही लागलं नाही.

भरतीत काही जण लागले, काही नाही. तो मुलगा मैदानी चाचणीतून पुढे गेला आणि लेखीत कमी पडला. पुन्हा तयारी करतोय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, ट्रॅक आणि रंकाळा यांची तुलना चार वर्षं आधी व्हायला हवी होती. त्याला ना टेप लागत होती ना सायकल. एका मुलाला दोन्हीकडे तीन-तीन वेळा पळवून भागाकार केला असता तरी पुरलं असतं. दुसरी, घड्याळांच्या मतदानात आमचा जवळपास आठवडा गेला. ते मी पहिल्याच दिवशी थांबवायला हवं होतं. मुलांचा उत्साह मोडायला नको म्हणून गप्प राहिले.

तिसरी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १०० मीटरची ती खूण आम्ही मोजलीच नाही. सगळं लक्ष लांब धावेवर होतं. शंभर मीटरमध्ये चुकून चुकून किती चुकणार, असं मी धरून चालले, आणि या प्रकरणात काहीही धरून चालायचं नाही असं मीच सगळ्यांना सांगत होते. ती खूणही त्याच दिवशी, त्याच फोनने काढलेली होती, आणि दहा-दहा मीटरने बोलणाऱ्या पडद्याची चूक लहान अंतरात जास्त जाचते. भरतीच्या दहा दिवस आधी एका मुलीने विचारलं, "मॅडम, शंभरचं बी मोजलंय न्हवं?"

त्याच सकाळी टेप टाकली. ९६ मीटर आणि ३० सेंटिमीटर. तेरा-चौदा सेकंदांत शंभर पळणाऱ्या मुलांना अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, आणि या धावेला १५ गुण आहेत. सहा आठवडे मुलं नव्या ८०० वर खरं पळत होती आणि जुन्या १०० वर खोटं. दहा दिवसांत कुणाची सुरुवात सुधारत नाही, पायांचा वेग वाढत नाही. त्यांना ते सांगताना या वेळी मामा गप्प होते, बोलायचं काम माझं होतं.

मोजायला दहा मिनिटं लागली होती.